अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या माणसांचा देव

आमच्या घरसभेत साक्ष द्यायला कोणालाही उभं केलं ना, तर दोनातला एक माणूस खाली मान घालून हेच म्हणतो की माझा विश्वास लय कमी आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि बसून जातो. बाया तर हमखास. लहानपणापासून हे ऐकत आलेय, आणि त्याच्यात लबाडी नसते, माणूस मनापासूनच बोलतो, पण त्या बोलण्याच्या पोटात एक समज दडलेली असते ती मला पटत नाही. समज अशी की पुरा, पक्का, न डगमगणारा विश्वास आधी आपण घरी तयार करायचा आणि मग तो घेऊन देवाच्या दारात जायचं, तोवर देव तिकडं तोंड करून बसलेला. बायबलमधला देव असा नाहीच. तो स्वतः माणसाच्या आत विश्वास वाढवतो, त्याला वर्षंच्या वर्षं लागू देतो, आणि तेवढी वर्षं हातावर हात ठेवून बसतही नाही.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यातले, संत्र्याच्या पट्ट्यातले. गावात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, तिचा आवाज पार आमच्या गल्लीपर्यंत येतो, आणि ख्रिस्ती घरं आमची अगदी मोजकी. शुक्रवारी जेवणं आटोपली की कोणाच्या तरी छपरीत चटया टाकून घरसभा. यंदा पावसाळ्यात आम्ही उत्पत्तीचं पुस्तक बाराव्या अध्यायापासून घेतलं, म्हणजे अब्राहामापासून, आणि पाळक साहेबांनी सांगून ठेवलं की मधलं काहीच गाळायचं नाही, जे लिहिलंय ते सगळं वाचायचं.

मधलं गाळलं नाही की अब्राहाम वेगळाच दिसतो हो. संडे स्कूलमध्ये आपण लेकरांना सांगतो की देवानं बोलावलं अन् अब्राहाम निघाला, आणि तिथून डायरेक्ट पोराला, इसहाकाला, देवाला बळी द्यायला घेऊन मोरियाच्या डोंगरावर. पण हारान गाव सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा १००, मधे २५ वर्षं आहेत, त्या वर्षांत त्यानं काय काय केलं ते पाहा. दुष्काळ पडला तसा मिसरात गेला आणि जिवाच्या भीतीनं बायकोला म्हणाला तू माझी बहीण आहेस असं सांग, ती बिचारी फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, घरात नेली गेली, देवानंच तिला सोडवलं. पुढं पंधराव्या अध्यायात देवानं आकाशातले तारे दाखवून तेवढी संतती होईल असं वचन दिलं, त्यानं विश्वास ठेवला, आणि तोच देवानं त्याचं नीतिमत्त्व म्हणून धरला. आपल्याला वाटतं झालं, आता पक्का झाला माणूस. लगेच पुढच्या अध्यायात बायकोच्या, सारेच्या, म्हणण्यावरून दासी हागारेला जवळ केलं आणि ८६ व्या वर्षी इश्माएल झाला. त्यानंतर १३ वर्षांचं बायबल काहीच सांगत नाही. ९९ व्या वर्षी देव परत बोलला की सारेलाच मुलगा होईल, तर अब्राहाम पालथा पडून मनात हसला. सारा तंबूच्या दाराआड हसली, विचारलं तर घाबरून म्हणे मी हसले नाही, तेव्हा तिला एवढंच उत्तर मिळालं की नाही, तू हसलीस. त्यापुढं काही नाही, वचन मागं घेतलं नाही. आणि विसाव्या अध्यायात गराराच्या राजासमोर अब्राहामानं तेच जुनं खोटं परत सांगितलं, बायकोला बहीण म्हटलं, एवढं सगळं डोळ्यानं पाहून झाल्यावर!

हे वाचून झालं तशी आमच्यातली एक आजी, जिला अक्षर येत नाही पण ऐकलेलं सगळं ध्यानात राहतं, ती म्हणाली, "मंग देवानं दुसरा मानूस काहून नाई पाह्यला?" कोणी काही बोललं नाही बराच वेळ. मी तेव्हापासून तोच विचार करतेय आणि मला जे सुचलं ते असं, की देवाला नुसतं काम करून घ्यायचं असतं तर खरंच दुसरा माणूस पाहिला असता, पण त्याला हाच माणूस पाहिजे होता. मोरियाच्या डोंगरावर जो विश्वास लागला तो देवानं हारानात मागितला नाही. हारानात फक्त निघ म्हणाला. बाकीचं त्यानं वाटेत दिलं, थोडं थोडं, पडत-धडपडत चालणाऱ्या माणसाला.

आता मामांचं सांगते. सांगायची परवानगी त्यांनीच दिली, म्हणाले लिही पोरी, लपवून काय करतं.

मामांचा संत्र्याचा बगीचा आहे, कलमं शेंदूरजना घाटवरून आणलेली, जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली. मामा घरसभेला यायचे, नाताळात चर्चची झाडलोट करायचे, गाणं तर असं म्हणायचे की ऐकत राहावं, आणि दारूही प्यायचे. सोडायचे, परत धरायचे. चर्चमध्ये पुढं येऊन रडून प्रार्थना केली, शपथ घेतली, आणि पोळ्याला परत पिऊन आले. मंडळीतल्या लोकांनी हळूहळू नाव टाकलं. याचा विश्वासच खरा नाही, हे ढोंग आहे, असं तोंडावर बोलणारे पण होते. मला मात्र ते ढोंग कधी वाटलं नाही, मी त्यांना सकाळच्या पारी बगीच्यात एकटं गुडघ्यावर पाहिलेलं आहे, आणि ढोंग करणारा माणूस कोणी पाहत नसताना गुडघे टेकत नाही.

त्यांच्या झाडांना डिंक्या लागला होता एका साली. खोडातून डिंक गळतो, साल कुजते आणि झाड आतून खंगत जातं, वेळेवर पाहिलं नाही तर गेलं. शेजारचे म्हणाले उपटून टाका, दुसरी लावा. मामांनी एकेक झाड धरलं, कुजलेली साल चाकूनं अलगद खरडायची, निरोगी भाग लागला की थांबायचं, जखम पुसायची आणि मग बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचं. मिसळल्यावर मामा त्याच्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचे, पात्यावर तांबूस रंग चढला तर आणखी चुना टाकायचा. मग ती निळी पेस्ट बुडापासून कमरेपर्यंत ब्रशनं फासायची, पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. सल म्हणजे वाळक्या काड्या काढायच्या, पाणसोट म्हणजे फुकट वाढणारे फुटवे छाटायचे, आळ्यात पाणी साचू द्यायचं नाही. काही झाडं गेलीच. बरीचशी उभी राहिली, पण लगेच बहार आला नाही त्यांना, जगलेल्या झाडाला पण आधी जीव धरू द्यावा लागतो.

लूकच्या तेराव्या अध्यायात येशूनं अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली आहे, आमच्याकडच्या माणसाला ती समजवून सांगावी लागत नाही. मालक म्हणतो तीन वर्षं झाली फळ पाहतोय, एक लागत नाही, तोडून टाक, जागा कशाला अडवतं. माळी म्हणतो मालक, यंदाच्या साली राहू द्या, मी त्याच्या भोवती खणतो, खत घालतो, पुढं फळ आलं तर बरंच, नाही तर मग तोडा. आता यातलं "नाही तर मग तोडा" हे पण खरं आहे, ते मी लपवत नाही, देवाचा धीर म्हणजे कसंही वागा चालतंय असं नाही. पण माळ्याचं पाहा ना, तो नुसती मुदत वाढवून मागत नाही, मी राबतो म्हणतो. खणणं, खत घालणं हे झाड थोडंच करणार आहे. आणि ते झाड पुढच्या साली फळलं की नाही हे येशूनं सांगितलंच नाही. मामांना ही गोष्ट बगीच्यातच बसून वाचून दाखवली होती पाळक साहेबांनी, पेस्ट लावलेल्या झाडांच्या मधे. मामा काही बोलले नाहीत, चाकू पुसत बसले.

नंतर २०१९ चा उन्हाळा आला. आदल्या साली पाऊस कमी पडलेला, आणि आमचा पट्टा तसाही डार्क झोनमधला, पाणी उपसून उपसून खाली गेलेलं. विहिरी आटल्या, बोअर फेल गेले, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायची खटपट केली आणि तरी वरूड-मोर्शीत बगीचेच्या बगीचे उभ्या उभ्या वाळले. मामांचा पण वाळला. डिंक्यातून वाचवलेली झाडंसुद्धा गेली. मामांनी परत बाटली धरली, आणि एक दिवस बोलले की आता जगून काय करू. आमच्या जिल्ह्यात शेतकरी माणूस हे बोलला तर घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, याचा अर्थ काय होऊ शकतो हे इथं सगळ्यांना माहीत आहे, ते हसण्यावारी कोणी नेत नाही.

पाळक साहेब आले ते डबा घेऊन आले. वचन सांगितलं नाही, शपथेची आठवण दिली नाही. बसून मामांसोबत जेवले, मामांना झोपू दिलं, रात्री तिथंच बाहेर खाट टाकून झोपले, असं काही दिवस. मग डॉक्टरकडं घेऊन गेले. नंतर कुऱ्हाड घेऊन दोघांनी वाळलेली झाडं तोडली. मला हे तेव्हा नुसतं चांगुलपण वाटलं होतं, पण नंतर राजांचं पहिलं पुस्तक वाचताना एकोणिसाव्या अध्यायात एलीया भेटला. कर्मेलावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, एका राणीच्या धमकीनं रानात पळाला, झुडुपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे. देवानं त्याला कुठं गेला तुझा विश्वास असं विचारलं नाही. झोपू दिलं. दूतानं स्पर्श करून उठवलं तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, परत झोपला. दुसऱ्यांदा उठवलं, खा, कारण वाट तुला झेपणार नाही. बोलणं झालं ते सगळ्यात शेवटी, होरेब डोंगरावर, चाळीस दिवस-रात्र चालून गेल्यावर. डबा आधी आणि वचन नंतर, हे पाळक साहेबांनी तिथूनच घेतलं असेल.

पण इथं मला एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण नाही तर हे सगळं फार गोड होऊन जाईल. मामी. देवानं मामांसोबत धीर धरला, सगळ्यांनी धीर धरला, आणि त्या धीराचे दिवस कोणी काढले? मामींनी. पैसे गेले त्यांचे, डोळ्यासमोर लेकरं घाबरली त्यांची. एकदा स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "देवाचा धीर त्याहिच्यासाठी, अन् माह्यासाठी काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं तेव्हा.

नंतर अब्राहामाची गोष्ट वाचताना हागारेपाशी मी थांबले. अब्राहाम आणि सारा यांना धीर निघाला नाही, त्याची किंमत मोजली एका दासीनं, जिला कोणी विचारलंही नव्हतं. ती पोटुशी असताना छळाला कंटाळून रानात पळाली आणि शूरच्या वाटेवर झऱ्यापाशी देवाच्या दूतानं तिला गाठलं. तिला नावानं हाक मारली, अख्ख्या गोष्टीत अब्राहाम-सारेनं तिला नावानं हाक मारलेली नाही, दासीच म्हणतात. आणि तिनं देवालाच नाव ठेवलं, मला पाहणारा देव. पुढं तिला घराबाहेर काढलं, पाणी संपलं, तिनं पोराला झुडुपाखाली टाकलं, तेव्हा परत देवानं ऐकलं आणि विहीर दाखवली. म्हणजे अब्राहामाबरोबर धीर धरणारा देव त्यानं दुखवलेल्या बाईला विसरला नव्हता. याचा आमच्या मंडळीत अर्थ काय झाला ते पण सांगते, पाळक साहेबांनी त्या वाईट काळात मामींना लेकरांसकट चर्चच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि मामांना स्पष्ट सांगितलं की तू शुद्धीत राहिल्याशिवाय त्यांना घरी पाठवणार नाही. नवऱ्यासाठी प्रार्थना कर आणि सहन कर, असं बाईला सांगणारे पाळक मी पाहिलेत, आणि ते चूक आहे, साफ चूक आहे. दुसऱ्याच्या बायकोला मार खायला लावून कोणी देवाचा धीर शिकवू नये.

मामा सुटले. एकदम नाही, चमत्कारासारखं नाही. औषध, डॉक्टर, पाळक साहेब, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मामी परत घरी याव्यात म्हणून. आता नवीन कलमं लावलीत, थोडीच, ठिबकवर, ती फळावर यायला अजून अवकाश आहे. अजूनही मामांना लग्नसराईचे दिवस अवघड जातात, तेव्हा ते आधीच फोन करून कोणाला तरी सोबत बोलावून घेतात. मला म्हणाले, "मले वाटे देव माह्यी परीक्षा पाहून राह्यला. तसं नोयतं पोरी, तो माह्यासंगं बसून होता."

आमच्याकडं कधीकधी बाहेरून प्रचारक येतात, मोठा मंडप, स्पीकर, आजारी लोकांसाठी प्रार्थना. प्रार्थनेला माझा विरोध नाही, मी स्वतः आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते. पण अशाच एका सभेत, लेकरू बरं झालं नाही म्हणून रडणाऱ्या आईला स्टेजवरून सांगितलं गेलं की तुझा विश्वास कमी पडला. ती बाई आमच्या शेजारच्या गावची, तिचं पोर जन्मापासून आजारी. ती नंतर वर्षभर चर्चमध्ये आली नाही. मार्कच्या नवव्या अध्यायात अगदी असाच एक बाप आहे, पोराला झटके येतात, शिष्यांकडून काही झालं नाही, आणि तो येशूला म्हणतो तुमच्यानं काही होत असेल तर दया करा. येशू म्हणतो विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे. त्यावर तो बाप ओरडतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही! आणि येशूनं त्याला जा, आधी विश्वास पूर्ण करून ये, असं म्हणून परत पाठवलं नाही, पोराला उठवून उभं केलं. आता त्या बाईचं लेकरू तसं बरं का झालं नाही हे मला सांगता येणार नाही, आणि सांगायचा आव मी आणणार नाही. पण तिच्या विश्वासाचं माप काढायचा हक्क स्टेजवरच्या माणसाला कोणी दिला? तिला भेटायला आम्ही जातो. प्रार्थना कर म्हणून मागं लागत नाही, लेकराला मांडीवर घेऊन बसतो, तेवढ्यात ती कपडे धुऊन घेते.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गोष्ट आमच्याकडं आवडीनं सांगतात कारण ती नागपूरपासून सुरू होते. १८९३ ला टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते, डब्यात एक गोरा माणूस भेटला, कवितेवर गप्पा झाल्या आणि त्यानं नवा करार हातात दिला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी त्यांचं मन अडकलं. १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा झाला. इथवर सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचं जास्त जवळचं वाटतं, लक्ष्मीबाईंचं. नवऱ्यानं धर्म बदलला आणि त्यांच्यावर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग एकत्र आले तरी बाईंनी सोवळं-ओवळं सोडलं नव्हतं, वेगळं शिजवून खायच्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या आत काय काय हललं ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि टिळक किती तापट होते हे पण लिहिलंय, लपवलेलं नाही. दोन अपुरी माणसं, दोघांचा वेग वेगळा, आणि देवानं दोघांनाही एका काठीनं हाकलं नाही. खाण्यापिण्यातला भेद तर येशूचा शिष्य पेत्र यालाही सुटता सुटला नव्हता, पवित्र आत्मा मिळाल्यानंतर किती काळानं तो अंत्युखियात लोकांच्या भीतीनं परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून गेला आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. कोंबडा आरवायच्या आधी त्यानं येशूला तीनदा नाकारलं ते तर सगळ्यांना पाठ आहे, पण हे नंतरचं कोणी सांगत नाही. मंडळीचा खांब झाल्यावरसुद्धा देवाचं त्याच्यावरचं काम संपलं नव्हतं.

मामी आता घरसभेला येतात पण मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत. पूर्वी करायच्या. आमच्यातल्या काही बायांना ते खुपतं, त्या म्हणतात बहिणी, तोंड उघड, सैतानाला जागा देऊ नको. माझं या बायांना कळकळीचं सांगणं आहे की मामींना राहू द्या. मामांसाठी आपण सगळ्यांनी इतकी वर्षं दिली, तर मामींना थोडी द्यायला काय हरकत आहे. देवाशी त्यांचं काय चाललंय ते त्यांचं आणि देवाचं.

आणि अजून एक. पावसाळ्यापासून गावातला एक पोरगा शुक्रवारी येऊन छपरीच्या पायरीवर बसतो, आत येत नाही. कॉलेज अर्धवट सोडलेला, घरी बापाशी पटत नाही. पहिल्या दिवशी मामांनी त्याच्यासाठी चहा बाहेर नेला, तेव्हापासून दर शुक्रवारी नेतात, आणि स्वतः तिथंच त्याच्याजवळ बसून गाणी म्हणतात. त्याला आतापर्यंत चार जणांनी विचारलंय की तू येशूला स्वीकारायचा निर्णय कधी घेणार. कृपा करून विचारू नका. येशू कोण आहे हे तो स्वतःहून मामांना विचारतोय, मामा त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं सांगतात, आणि उरलेलं माहीत नाही म्हणतात. पाळक साहेबांशी मी बोललेय, त्यांचंही हेच म्हणणं पडलं. पोराला पेटी बऱ्यापैकी वाजवता येते असं कळलंय, आणि आपली पेटीवाली ताई दिवाळीनंतर बाळंतपणाला माहेरी जाणार आहे, तर तेवढे दिवस पेटी त्याच्याकडं द्यायची, पायरीवर बसून वाजवली तरी चालेल.